पंधरा वर्षं कोड लिहिलाय ना? मग ओपन सोर्समध्ये आधी हौदा खणा

गेल्या वर्षभरात चार-पाच जणांनी हेच विचारलं म्हणून एकदा नीट लिहून टाकतो. विचारणारे सगळे साधारण एकाच साच्यातले, दहा-पंधरा वर्षं पुण्यात नाहीतर बंगळुरूत नोकरी, कोरोनात घरी कोल्हापूरला आले ते परत गेलेच नाहीत, आता वरच्या खोलीत टेबल-खुर्ची, दोन स्क्रीन, इन्व्हर्टर आणि रात्री जेवणं झाल्यावर थोडा मोकळा वेळ. "ओपन सोर्समध्ये काहीतरी करायचंय राव, सुरुवात कुठनं करू?" ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना उघडा असतो, कुणीपण वाचून सुधारू शकतं असं सॉफ्टवेअर. कॉलेजच्या पोरांसाठी ढीगभर व्हिडिओ आहेत, फोर्क करा म्हणजे कोडची आपली प्रत काढा, रीडमीतली म्हणजे माहितीच्या फाइलीतली एक चूक सुधारा, झालं तुमचं. पण ज्यानं रात्री तीनला उठून प्रॉडक्शन, म्हणजे गिऱ्हाइकांचं चालू सॉफ्टवेअर, सावरलंय त्याची अडचण वेगळीच असते, कोड त्याला झोपेतपण लिहिता येतो, नवखं होऊन गप बसणं मात्र जमत नाही. मला तरी अजिबात जमलं नव्हतं.

तालमीचं उदाहरण देतो, कोल्हापूरकराला लगेच कळेल. गावाकडं चार जत्रा मारून आलेला पैलवान असला तरी नव्या तालमीत पहिल्याच दिवशी त्याला कोण वस्तादाच्या पट्ठ्याबरोबर सोडत नाही. पहाटे उठायचं, फावडं घ्यायचं, हौदा म्हणजे कुस्तीचा मातीचा आखाडा खणायचा, मातीतले खडे वेचायचे, ताक-तेल-हळद-लिंबू मिसळायचं. आणि खणताना जुनी मंडळी काठावर बसून बघत असतात, पाठ कशी वाकते, दम किती आहे, खाली पडलेलं फावडं जागेवर ठेवतो का तसंच टाकून जातो. मी काय पैलवान नव्हे, आजोबांच्या तोंडनं ऐकलेलं सांगतोय, पण ओपन सोर्समध्ये अगदी हेच चालतं फक्त मातीचा वास येत नाही.

माझी पहिली पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'माझा हा बदल तुमच्या कोडात घ्या' अशी विनंती, २३ फायलींची होती. ऑफिसमध्ये रोज वापरायचो अशी एक लॉगिंगची लायब्ररी (प्रोग्रामात काय चाललंय त्याची नोंद ठेवणारा तयार कोड), तिची आतली रचना मला पटली नव्हती, तीन शनिवार-रविवार घालवले, सगळं सुटसुटीत केलं, वर ऐटीत लिहिलं की मी आर्किटेक्चर सुधारलंय. वीस मिनिटांत मेंटेनरनं, म्हणजे तो प्रोजेक्ट सांभाळणाऱ्यानं, ती बंद केली. खाली एकच ओळ, धन्यवाद पण हे आम्ही मागितलं नव्हतं, पुढच्या वेळी आधी बोला. दोन महिने डोक्यात राग होता, टीम लीड माणूस मी, मला असं? नंतर कधीतरी अंघोळ करताना डोक्यात प्रकाश पडला की त्या २३ फायली पुढची पाच वर्षं सांभाळणार कोण होता? तो. मी तर मर्ज झाल्यावर, म्हणजे बदल मूळ कोडात गेल्यावर, मित्रांना लिंक पाठवून मोकळा होणार होतो.

तर आता क्रमानं.

पायरी १. आधी नोकरीची कागदपत्रं काढा

हे कंटाळवाणं आहे म्हणून सगळे सोडतात. नवख्या पोराला नोकरीच नसते त्यामुळं त्याला हा प्रश्नच नाही, तुम्हाला आहे. आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणं नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाची पहिली मालकी, करारात वेगळं काही लिहिलं नसेल तर, मालकाची. ते ठीकच आहे. पण आयटी कंपन्यांच्या करारात बऱ्याचदा याच्या पुढं जाऊन लिहिलेलं असतं की नोकरीच्या काळात तुम्ही जे काही बनवाल ते आमचं, मग ते घरी बसून रविवारी का बनवलेलं असेना. ते कलम वाचा, शांतपणे वाचा. आणि मॅनेजरला नि एचआरला चार ओळींची मेल टाका: अमुक प्रोजेक्ट, अमुक लायसन्स (कोड कुणी कसा वापरायचा त्याच्या अटी), माझ्या वेळेत, माझ्या लॅपटॉपवर, कंपनीचा एकपण तुकडा वापरणार नाही, चालेल का. "चालेल" असं उत्तर आलं की ती मेल जपून ठेवा. चहाच्या टपरीवर तोंडी मिळालेली परवानगी काय कामाची नाही, मॅनेजर दर दीड वर्षानं बदलतो.

दुसरं, गिटमध्ये, म्हणजे कोडातल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, ईमेल कुठला सेट आहे ते बघा. मी बघितला नव्हता. अकरा कमिट, म्हणजे नोंदवलेले बदल, ऑफिसच्या पत्त्यानं गेल्या, मर्ज झाल्या, आणि सगळ्यांची मेन ब्रांच (कोडची मुख्य प्रत) कोण तुमच्यासाठी परत लिहून काढत नसतं, त्या अजून तशाच आहेत तिथं. काय झालं नाही पण कंपनी हक्क सांगेल या भीतीनं आठवडाभर झोप नीट नव्हती.

याच पायरीवर दोन शब्द भेटतील, डीसीओ आणि सीएलए. डीसीओ (डेव्हलपर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन) म्हणजे कमिटच्या खाली "साइन्ड ऑफ बाय" अशी तुमच्या नावाची ओळ, कमिट करताना डॅश एस लावला की गिट स्वतःच टाकतं, अर्थ एवढाच की हा कोड द्यायचा मला हक्क आहे, लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, हे २००४ पासनं आहे. सीएलए (कॉन्ट्रिब्युटर लायसन्स अ‍ॅग्रीमेंट) हा मोठा कागद, त्यात कधीकधी असं असतं की प्रोजेक्ट चालवणाऱ्या कंपनीला तुमच्या कोडचं लायसन्स पुढं बदलता येईल. सही करायची नाही असं माझं म्हणणं नाही, मी स्वतः दोन ठिकाणी केलीय, पण वाचून करा. २०२३ च्या ऑगस्टमध्ये टेराफॉर्मचं (सर्व्हर उभे करायचं साधन) लायसन्स बदलून जास्त बांधून टाकणारं केलं, २०२४ च्या मार्चमध्ये रेडिसचं (एक डेटाबेस), मग त्यातनं ओपनटोफू आणि व्हॅल्की असे फोर्क, म्हणजे जुन्या कोडवरनं वेगळे झालेले प्रोजेक्ट, निघाले. फुकट राबलेल्या लोकांना त्या दिवशी कसं वाटलं असेल याचा विचार करा नि मग ठरवा तुमचे शनिवार कुठं घालवायचे.

पायरी २. प्रोजेक्ट निवडताना फेमस बघू नका

सगळ्यात मोठा, सगळ्यात जास्त स्टारवाला प्रोजेक्ट घेऊ नका. तुम्ही रोज वापरता तो घ्या. तुमच्या सध्याच्या कामातली डिपेंडन्सींची, म्हणजे तुमचा कोड ज्या तयार लायब्ररींवर उभा आहे त्यांची, यादी उघडा, त्यात पन्नासेक तरी नावं असतील ज्यांच्याकडं कधी लक्षच गेलं नाही, त्यातल्या ज्या एकानं तुम्हाला कधीतरी रडवलंय ते नाव उचला. बग (सॉफ्टवेअरमधली चूक) कुठं चावतो हे ज्याला माहीत आहे त्याच्या बोलण्याला तिथं वजन असतं. किंवा आजूबाजूला बघा. शिरोलीत, गोकुळ शिरगावात फाउंड्र्या आहेत, त्यांचा स्टॉक नि बिलं कशावर चालतात? कुठं ईआरपीनेक्स्ट दिसेल, ते तर आपल्या मुंबईत जन्मलेलं. नकाशांचं काम करणारी मंडळी क्यूजीआयएस वापरतात. ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून बनवलेला नकाशा आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात हायवे बंद पडला तेव्हा कुठला रस्ता चालू नि कुठला पाण्याखाली हे ज्यानं फोनवर फोन करून शोधलंय त्याला नकाशाचं सॉफ्टवेअर का महत्त्वाचं हे मी काय सांगू.

मग प्रोजेक्ट जिवंत आहे का बघायचं. शेवटची रिलीज कधी झाली, बाहेरच्या माणसाच्या पुल रिक्वेस्टला उत्तर यायला किती दिवस लागतात, आणि सगळ्यात महत्त्वाचं, बंद केलेल्या पुल रिक्वेस्ट वाचा, मर्ज झालेल्या नव्हे, नाकारलेल्या. नाही म्हणताना माणूस कसा बोलतो त्यावरनं घर कळतं. मी एका ठिकाणी दोन तास असंच वाचत बसलो होतो नि शेवटी टॅब बंद केला, तिथला मेंटेनर प्रत्येकाला अडाणी समजून बोलत होता, हुशार असेल पण आपले शनिवार काय स्वस्त पडलेत का.

बोलणं कुठं चालतं नि कोड कुठनं जातो हेपण आधीच बघून ठेवा. गिटहब ही वेबसाइट म्हणजेच ओपन सोर्स असं नाही. लिनक्स कर्नलमध्ये पॅच (कोडातले बदल) अजून ईमेलनंच जातात, साध्या टेक्स्टमध्ये, आणि उत्तर समोरच्याच्या ओळीखाली लिहायचं असतं, आपल्या ऑफिससारखं वरती नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसचंपण ईमेलवरच. लिब्रेऑफिस हे कागदपत्रं बनवायचं सॉफ्टवेअर आणि विकिपीडियामागचं मीडियाविकी कोड तपासायला गेरिट नावाचं साधन वापरतात. पद्धत वेगळी म्हणून नाक मुरडायचं नाही, ज्याच्या घरी जेवायला गेलोय त्याच्या ताटात जेवायचं.

पायरी ३. बिल्ड करा आणि रडगाणं लिहून ठेवा

कोड क्लोन केला म्हणजे उतरवून घेतला, बिल्ड केलं म्हणजे त्यातनं चालणारा प्रोग्राम बनवला, पहिल्या फटक्यात चाललं, असं होत नाही. कुठली तरी लायब्ररी नसते, कुठल्या तरी आवृत्तीचं भांडण असतं. लिब्रेऑफिससारखं मोठं धूड पहिल्यांदा बिल्ड करायचं तर साध्या लॅपटॉपवर तासन्‌तास जातात, पंख्याचा आवाज ऐकून आई वर येऊन विचारते काय जळतंय का. पावसाळ्यात मधेच लाईट गेली तर विचारू नका.

अनुभवी माणूस इथं काय करतो, अडचण आली की दोन मिनिटांत जुगाड करतो नि पुढं सरकतो, सवयच लागलेली असते. ते करू नका. बाजूला एक फाइल उघडून प्रत्येक ठेच लिहा, काय टाइप केलं, काय एरर आली, काय केल्यावर सुटलं. कारण हे सगळं आज तुम्हाला दिसतंय, पुढच्या आठवड्यात दिसणार नाही, आणि जे तिथं दहा वर्षं आहेत त्यांना तर कधीचंच दिसायचं बंद झालंय. ती फाइल नीट करून इन्स्टॉलच्या कागदपत्रात घातली की झालं तुमचं पहिलं काम. माझं पहिलं मर्ज झालेलं काम म्हणजे बिल्डच्या सूचनांमधल्या चार ओळी. पंधरा वर्षांचा अनुभव नि चार ओळी! पण त्या चार ओळींखाली लगेच दोघांनी लिहिलं की आम्हीपण इथंच अडकलो होतो.

पायरी ४. हौदा खणणे, म्हणजे बग

नवीन फीचरचा विचार पहिले तीन महिने तरी मनात आणू नका. उघड्या पडलेल्या बगची यादी काढा, त्यातले जुने, धूळ खात पडलेले, ज्यांच्यावर शेवटचं कोणतरी "अजून होतंय का?" विचारून निघून गेलंय असे घ्या, आणि ते आजच्या आवृत्तीत होतात का बघा. होत असेल तर कमीत कमी ओळींत तो बग उभा करून दाखवा. होत नसेल तर तसं लिहा, म्हणजे बंद करता येईल. दहा बग असे हातावेगळे केलेत तर मेंटेनर तुमचं नाव ओळखायला लागतो, कारण हे काम कुणालाच करायचं नसतं.

गिट बायसेक्ट येत नसेल तर आधी शिकून घ्या. अमुक आवृत्तीत चालत होतं, आता चालत नाही, मधे हजार कमिट आहेत, तर बायसेक्ट दर वेळी निम्मे करत जातं नि साधारण दहा टप्प्यांत नेमकी कमिट हातात देतं. "काहीतरी बिघडलंय" आणि "या कमिटनं बिघडलंय" यातल्या फरकाला मेंटेनरच्या लेखी फार किंमत आहे.

आता एक बग जवळनं दाखवतो, मराठी माणसालाच सापडेल असा. माझ्या मामेभावाची शाहूपुरीत गुळाची अडत आहे. बिलासाठी एक फुकटातलं ओपन सोर्स सॉफ्टवेअर मीच टाकून दिलेलं. एक दिवस फोन, "अरे कऱ्हाडची अकरा गिऱ्हाइकं आहेत नि सर्चमध्ये तीनच दावतंय, तुझं सॉफ्टवेअर पैसे खातंय काय." गेलो. स्क्रीनवर अकराच्या अकरा ठिकाणी "कऱ्हाड" अगदी सारखं दिसत होतं. मग आतले युनिकोडचे आकडे, म्हणजे प्रत्येक अक्षराचे कॉम्प्युटरमधले नंबर, काढून बघितले तर तीन वेगवेगळे कऱ्हाड निघाले. मुनीमजींच्या कीबोर्डवरनं आलेला ऱ म्हणजे एकच अक्षर. भावानं फोनवरनं टाकलेल्यात साधा र आणि त्याच्यामागं वेगळा नुक्ता (खालचा टिंब). आणि जुन्या फॉन्टमधनं कन्व्हर्ट करून आणलेल्या यादीत र, मग हलन्त, मग एक न दिसणारं जोडणारं चिन्ह, झीरो विड्थ जॉइनर. डोळ्याला तिन्ही एकच, कॉम्प्युटरला तीन गावं.

पहिले दोन सोपे, युनिकोडचं नॉर्मलायझेशन (सारख्या अक्षरांना एकच रूप देणं) लावलं की र आणि नुक्ता मिळून एक ऱ होतो. तिसऱ्याला ते हातच लावत नाही. मला वाटलं त्यात काय, ते न दिसणारं चिन्ह उडवून टाकू. केलं, चाललं, खुशीत आलो, नि पुल रिक्वेस्ट टाकायच्या आधी सहज बायकोला दाखवलं, ती शाळेत मराठी शिकवते. ती म्हणाली, "अहो, मग आचारी आणि आचार्य एकच होणार की तुमचे." खरंच की! आचाऱ्याला म्हणजे स्वयंपाक्याला, आचार्याला म्हणजे गुरूला, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या आणि दर्या म्हणजे समुद्र, आणि तो जॉइनर उडवला की चंद्रकोरीसारखा र जातो नि वर रफार येतो. म्हणजे मी एक बग मारून दुसरा जन्माला घालत होतो, आणि तिकडच्या मेंटेनरला मराठीचा म सुद्धा येत नसल्यामुळं त्यानं तो आनंदानं मर्ज केला असता.

शेवटी बरोबर उपाय असा निघाला, की र-हलन्त-जॉइनर दिसलं की आधी त्याचं ऱ-हलन्त करायचं नि मगच बाकीची साफसफाई. नऊ ओळींचा कोड, आणि तीस ओळींच्या टेस्ट ज्यात कऱ्हाड तिन्ही प्रकारे, आणि आचारी-आचार्य वेगळेच राहिले पाहिजेत अशी एक. वर चार वाक्यांत लिहिलं की ही दोन वेगळी माणसं का आहेत. मेंटेनरचा एकच प्रश्न आला, हा नियम हिंदी-नेपाळीला त्रास देईल का, त्याचं उत्तर शोधायला मला आणखी एक रविवार गेला. मर्ज झालं. भावाला अकराच्या अकरा गिऱ्हाइकं दिसली नि त्यानं पाच किलोची ढेप पाठवून दिली, ओपन सोर्समधली माझी आजवरची एकमेव कमाई.

सांगायचं कारण, अशा जागा बऱ्याच आहेत. मराठी ल आणि श चं वळण हिंदीपेक्षा वेगळं, वर्णक्रमात ळ, क्ष, ज्ञ कुठं येणार, तारखा नि आकडे कसे दिसणार, फायरफॉक्स किंवा लिब्रेऑफिसचं भाषांतर. इथं तुमची पंधरा वर्षं नि तुमची आईची भाषा दोन्ही एकदम कामाला येतात, असे लोक तिकडं मोजकेच असतात.

पायरी ५. पुल रिक्वेस्ट टाकताना

लहान ठेवा. एक गोष्ट, एक पुल रिक्वेस्ट. जाता जाता दिसलेली इतर घाण साफ करू नका, एडिटरला फाइल सेव्ह करताना सगळे इंडेंट (ओळींच्या सुरुवातीची मोकळी जागा) बदलू देऊ नका. आठ ओळींच्या बदलामागं सहाशे ओळींचा पसारा दिसला की वाचणारा टॅब बंद करतो, मीपण करतो. कमिट मेसेजमध्ये काय बदललं ते लिहू नका, ते कोडात दिसतंच, का बदललं ते लिहा.

भाषेचं थोडं. आपण इंग्रजी लिहितो ते सरकारी अर्जासारखं, रिस्पेक्टेड सर, काइंडली डू द नीडफुल. तिथं सर नाही कोण. सरळ नावानं हाक मारतात, सत्तर वर्षांच्या माणसालासुद्धा, पहिले सहा महिने मला जड गेलं पण सवय होते. "आय हॅव अ डाउट" लिहू नका, आपल्याकडं डाउट म्हणजे शंका, प्रश्न, तिकडं त्याचा अर्थ होतो तुमचं मला पटलेलं नाही. आणि "प्लीज असाइन धिस इश्यू टू मी" एवढंच लिहून गायब होणं हा तर आपला राष्ट्रीय छंद झालाय. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये, म्हणजे ओपन सोर्सला हातभार लावायच्या ऑक्टोबरातल्या उपक्रमात, फुकट टी-शर्टसाठी लोकांनी रीडमीत वाट्टेल ते शब्द घालून इतक्या फालतू पुल रिक्वेस्ट टाकल्या की आयोजकांना मधेच नियम बदलून प्रोजेक्टनं स्वतः होकार दिला तरच मोजायच्या असं करावं लागलं. त्यात आपल्या देशातली पोरं बरीच होती. त्या वेळी मेंटेनरनी जे भोगलं त्याची सावली अजून आपल्या नावांवर पडते कधीकधी, राग मानू नका, कामानं पुसली जाते.

एआयचं विचारणारच आहात म्हणून सांगतो. आधी त्या प्रोजेक्टचा नियम वाचा. जेंटू आणि नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमवाल्यांनी २०२४ मध्येच एआयनं लिहिलेला कोड घ्यायचा नाही असं ठरवलं. कर्लवाले (इंटरनेटवरनं डेटा आणा-पाठवायचं साधन बनवणारे) एआयनं बनवलेल्या खोट्या सिक्युरिटी रिपोर्टनी इतके वैतागले की त्यांनी ते जाहीरपणे बोलून दाखवलं. जिथं चालतं तिथंसुद्धा माझा नियम साधा आहे, रिव्ह्यूत, म्हणजे कोड तपासताना, कुठल्याही ओळीवर "हे का?" विचारलं तर मला माझ्या तोंडानं सांगता आलं पाहिजे. नाही आलं तर ती ओळ माझी नव्हे.

पायरी ६. थांबा

उत्तर उद्या येणार नाही. मेंटेनर मध्य युरोपात असेल तर तो आपल्यापेक्षा साडेतीन-साडेचार तास मागं, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर असेल तर साडेबारा-साडेतेरा तास, आणि बहुतेक तोही दिवसभर नोकरी करून, पोरांना झोपवून मग बसलेला असतो. आठवडाभर गप राहा. दोन आठवड्यांनी एक नम्र ओळ टाका. रोज "एनी अपडेट?" विचारणं म्हणजे भाकरी तव्यावर टाकून दर दहा सेकंदाला उलटणं, फुगणार नाही ती. वाट बघता बघता दुसरा बग घ्या.

नाकारलं तर कारण विचारा, एकदाच. वाद घालायचा तर कोडावर घाला, "मी पंधरा वर्षं हेच करतोय" हे वाक्य तोंडावर आलं तर खाली जाऊन चहा पिऊन या.

पायरी ७. दुसऱ्याचा कोड वाचा

इथं तुमचा अनुभव खऱ्या अर्थानं कामाला येतो आणि इथंच कोण येत नाही. सगळ्यांना कोड लिहायचाय, दुसऱ्याचा वाचायचा कुणाला नाही, त्यामुळं मेंटेनर रिव्ह्यूच्या ढिगाखाली गाडलेला असतो. परवानगी लागत नाही बहुतेक ठिकाणी. दुसऱ्या नवख्याची पुल रिक्वेस्ट घ्या, आपल्या मशीनवर चालवा, कडेकडेच्या केस तपासा, आणि लिहा की मी हे हे करून बघितलं, हे चाललं, इथं पडलं. मर्ज करायचा अधिकार तुमच्याकडं नाही नि मागूही नका.

का मागू नका, तर २०२४ च्या मार्चमधलं एक्सझेडचं प्रकरण बघा. जवळपास सगळ्या लिनक्समध्ये असणारी ही कॉम्प्रेशनची, म्हणजे फायली दाबून लहान करायची, लायब्ररी, सांभाळणारा एकटा थकलेला माणूस. जिया टान नावानं कोणतरी आलं, दोन वर्षांहून जास्त काळ मन लावून चांगलं काम केलं, मधे दुसऱ्या खात्यांवरनं मेंटेनरवर दबाव आला की तुझ्यानं होत नाही, मदतनीस घे. हळूहळू अधिकार मिळाले, आणि मग ५.६.० नि ५.६.१ या आवृत्त्यांत मागचं दार, म्हणजे चोरून आत शिरायची वाट, बसवलं. पकडलं कोणी तर पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड यांनी, कारण त्यांचं एसएसएच (दूरच्या कॉम्प्युटरवर शिरायची पद्धत) लॉगिन साधारण अर्धा सेकंद उशिरा होत होतं आणि त्यांनी ते "असेल काहीतरी" म्हणून सोडून दिलं नाही. म्हणून आता नवीन माणसाकडं, कितीही गोड वागला तरी, लोक जरा जपून बघतात, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काय नाही. आणि म्हणूनच तुमच्यासारख्या अर्धा सेकंद खटकणाऱ्या माणसांची तिथं गरज आहे.

वर्षभर झालं की मेंटरिंगपण करता येतं. गूगल समर ऑफ कोड हा ओपन सोर्समध्ये काम शिकवणारा उपक्रम २००५ पासनं चालू आहे, २०२२ पासनं फक्त विद्यार्थीच नव्हे तर नवखे कोणीपण त्यात येऊ शकतात, तिथं प्रोजेक्टला मेंटर लागतात. आपल्या शिवाजी विद्यापीठाच्या आसपासच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली दोन पोरं दर शनिवारी माझ्याकडं येऊन बसतात, मी त्यांना पहिला महिना फक्त बग उभे करायला लावतो. तोंडं वाकडी करतात. करू देत.

पायरी ८. वेळ मोजून द्या आणि जाताना सांगून जा

आठवड्याला तीन तास द्या पण दर आठवड्याला द्या. पहिल्या महिन्यात रोज रात्री दोनपर्यंत बसणारा दुसऱ्या महिन्यात दिसत नाही, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता नवीन माणूस फार उत्साहात दिसला की मला काळजीच वाटते. घेतलेला बग होणार नसेल तर तसं लिहून सोडून द्या, काय वाईट नाही त्यात, वाईट हे की तुमच्या नावावर तो चार महिने अडकून पडतो नि दुसरा कोण हात लावत नाही. पैशाची अपेक्षा ठेवू नका. निधी आहेत, झेरोधानं २०२४ मध्ये वर्षाला दहा लाख डॉलरचा एक सुरू केलाय, पण ते चालत्या प्रोजेक्टसाठी असतात, तुमच्या-माझ्या तीन तासांसाठी नव्हे.

आणि थांबायचं असेल तर थांबा. गेल्या वर्षी पोरीची दहावी आली, घरात टीव्ही बंद, माझाही लॅपटॉप रात्री बंद करायचा असं ठरलं. मी काही भागांचा रिव्ह्यूअर होतो, नाव एका फाइलीत लिहिलेलं असतं, त्यामुळं तिथल्या प्रत्येक पुल रिक्वेस्टला लोक माझी वाट बघत बसले असते. म्हणून हातातले तीन बग दुसऱ्याला समजावून दिले, काय झालंय, काय राहिलंय, कुठं फसायला होतं ते लिहिलं, आणि शेवटी त्या फाइलीतनं माझं नाव काढायची एका ओळीची पुल रिक्वेस्ट टाकली. एक ओळ वजा, बाकी काय नाही. अर्ध्या तासात बॉटनं, म्हणजे आपोआप तपासणाऱ्या प्रोग्रामनं, लाल खूण केली, कमिटवर डीसीओचा साइन-ऑफ नव्हता.